वेगळ्या भांड्यातली खीर

तेल्हाऱ्याच्या बौद्ध वस्तीतून सरकारी नोकरीत गेलेला पहिला माणूस पुंजाजी. अकोल्याला कारकून होता. अंगात इस्त्रीचा सदरा आणि चाळिशीत सुटलेले पोट. वस्तीला त्या पोटाचा अभिमान वाटे; आपल्यातला एक जण पोटभर जेवतो, हे त्यावरून दिसत होते.

१९६३ साली डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळली. ती विटकरी लाल झाली. मग त्यांनी पावलावर बोटे ठेवून नाडी शोधली. ती लागली नाही. साखरेच्या रोग्याच्या रक्तवाहिन्यांत चरबी लवकर साचते, वाट अरुंद होते, रक्त पायापर्यंत पोचत नाही. आज पाय आहे, उद्या हृदय असेल, असे त्यांनी सांगितले. गोड बंद केले.

हा रोग शेठ लोकांचा, असे पुंजाजीने ऐकले होते. रेशनच्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या वस्तीला तो काय सांगणार? बायकोखेरीज त्याने कोणाला कळू दिले नाही.

छपन्नच्या दीक्षेनंतर वस्तीत बुद्धपौर्णिमेला घरोघर खीर होऊ लागली होती. त्या वर्षी त्याने पहिल्याच घरी वाटी बाजूला सारली. घर चतुराबाईचे, त्याला लहानाचा मोठा करणाऱ्या मावशीचे.

"काहून रे पुंजा, आमच्या हातचं चालत नाही काय आता तुले?"

ओसरीवरचे हसले, पण चेष्टा प्रत्येकाला बोचली. लहानपणी पुंजाजीच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. हॉटेलात त्याची कपबशी वेगळी, बाहेर खुंटीला असे. त्याने वाटी तोंडाला लावली. पुढच्या घरीही लावली. मग लग्न असो की बारसे, वस्तीतली एकही वाटी त्याने परत केली नाही.

दीड वर्षाने अंगठा काळा पडला. अमरावतीच्या दवाखान्यात तो आणि शेजारचे बोट कापले. पथ्य का मोडले, असे तिथल्या डॉक्टरांनी विचारले, तेव्हा त्याने घरी कधी सोडणार एवढेच विचारले.

पुढच्या पौर्णिमेला तो काठी टेकत आला. वाटी पुढे येताच म्हणाला, "मावशी, मले साखरेची बिमारी हाय. बोटं तिच्यानंच गेली."

कोणीतरी म्हणाले, "आमाले रेशनवर साखर दिसत नाही, अन् हा तिनं बिमार पडून राहिला." हशा झाला. मावशी हसली नाही. "आधी काहून नाही सांगतलं? आमी काय परके होतो?"

त्यापुढच्या वर्षी मावशीने साखर घालण्याआधीच त्याच्यापुरती खीर लहान पातेल्यात काढून ठेवली. सून पंगतीत वाढत त्याच्यापर्यंत आली, तशी मावशी चुलीपासून म्हणाली, "त्याले ते नको वाढू. त्याचं भांडं अलग हाय."

पंगतीतले हात थांबले. आपण काय बोलून गेलो ते मावशीच्याही ध्यानात आले. तिने पदर तोंडाला लावला. पुंजाजीने ती अगोड खीर मान वर न करता संपवली.