बाबांचे दात

लग्न होऊन आले तेव्हापासून माझी एकच तक्रार: सासरे माझ्याकडे बघून कधी हसत नाहीत. चहा दिला की ओठ घट्ट मिटून मान हलवायची, बस्स. नवरा म्हणायचा, "अगं, बाबा तसेच आहेत." तसेच म्हणजे कसे? एरंडेल प्यायल्यासारखे?

बाबा संशोधन केंद्रात माकडं सांभाळतात. पिंजरे धुवायचे, खाणं द्यायचं, कुणी किती खाल्लं ते वहीत लिहायचं; तीस वर्षं हेच. त्यांची लाडकी म्हणजे एक म्हातारी माकडीण. वहीत ती सत्तावीस नंबर, बाबांच्या तोंडी ठकी.

यंदा हर्नियाच्या ऑपरेशनमुळे बाबा दोन आठवडे घरी होते. परत गेले तर ठकी पाठ फिरवून कोपऱ्यात बसलेली, अंगाची पार काडी झालेली. नव्या डॉक्टरीणबाई जिवापाड झटत होत्या. सगळ्या तपासण्या झाल्या, पण दोष सापडेना. शुक्रवारपर्यंत खाल्लं नाही तर इंजेक्शन देऊन तिचे हाल संपवायचे, असं ठरलं होतं. त्या बुधवारी बाबा भरल्या ताटावरून उठले.

गुरुवारी बाई केळं घेऊन पिंजऱ्याशी आल्या. "ये गं बाळा," म्हणत त्या तोंडावरच्या पारदर्शक ढालीआडून छान हसल्या. ठकी भिंतीला चिकटली. ते बाबांनी पाहिलं.

साहेबलोकांपुढे बाबांनी जन्मात ब्र काढलेला नाही. पण त्या दिवशी बोलले, "बाई, रागावू नका, पण हसू नका."

"काय?"

"दात दिसले की तिला वाटतं, तुम्ही चावणार." बाबांनी ओठ पुढे काढून चपचप केलं. "हे तिचं हसू."

बाई मटकन खाली बसल्या. "अरे देवा! पुस्तकात वाचलंय हो मी हे. पण तिला असं बघितलं की तोंडभर हसूनच बोललं जातं!"

मग त्या ओठ मिटून, नजर खाली घालून बसून राहिल्या. तासाभराने ठकीने केळं उचललं.

घरी येऊन बाबांनी हे सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. "बाबा, मग घरी तरी हसायचं! तेरा वर्षं मी मनात धरून बसले की मी तुम्हाला पसंत नाही!"

बाबा चाट पडले. "नाही गं पोरी! घरी सवय लागली तर तिथेही निसटेल, म्हणून..."

मला रडू फुटलं. रडता रडताच मी ओठ पुढे काढून चपचप केलं.

बाबा खदखदून हसले. त्यांचे पुढचे दोन दात पडलेत, हे मला माहीतच नव्हतं.