पास्कलभाऊंचे गुडघे

पास्कलभाऊंच्या नातीच्या पहिल्या कम्युनिअनच्या दिवशी मी ख्रिस्ताचं शरीर शर्टाच्या खिशात घालून चर्चबाहेर आलो.

हेतू वाईट नव्हता. उलव्याला आमचा आणि त्यांचा दरवाजा समोरासमोर. त्यांनी आग्रहानं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बोलावलं, मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. चर्च म्हणजे दोन दुकानगाळ्यांच्या मधली भिंत काढून केलेली खोली. मिस्सा बरीच पुढे सरकल्यावर माझ्या बाकावरचे सगळे उठून रांगेत लागले. एकट्यानं बसून राहणं उद्धटपणाचं दिसेल, म्हणून मीही लागलो. फादरनी एक पातळ पांढरी चकती पुढे धरली आणि म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर." इथे 'आमेन' म्हणायचं असतं. मी म्हणालो, "थँक्यू, फादर." तीर्थ घेतात तसा उजव्या हाताखाली डावा धरला, चकती कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. घरी सुनंदा पाय मुरगळून बसली होती. तिला अर्धा दिल्याशिवाय मी कधी साधा पेढाही खाल्लेला नाही.

पास्कलभाऊ मूळचे वसईकडचे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं फिटरचं काम केलं. अंगानं काटकुळे, केस चोपून बसवलेले. दर शनिवारी ते चर्चच्या वेदीवरची पांढरी कापडं घरी आणून स्वतः धूत, आणि पहिलं पाणी मोरीत न ओतता गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत. त्या कापडावर देवाचा एखादा कण राहिलेला असू शकतो, तो गटारात कसा जाऊ द्यायचा? तो कढीपत्ता आमच्याही आमटीत पडायचा, पण हे मला फार उशिरा कळलं.

कम्युनिअन, म्हणजे ती चकती, घेताना ते गुडघ्यांवर बसत आणि जिभेवरच घेत. खाली बसताना उजव्या गुडघ्याचा 'टक्' असा आवाज चार बाकांपर्यंत ऐकू येई. उठायला वेळ लागे आणि मागची रांग खोळंबे. कोणी चुळबुळ केली तर नंतर त्याला गाठून सांगत, "देवासमोर घाई करायची नाय. तो काय तिकीट देनारा कंडक्टर हाय?" गुडघ्यांखाली घ्यायला त्यांनी स्वतःच एक बुटकं बाकडं ठोकून वेदीसमोर ठेवलं होतं.

फिलोमावहिनी, म्हणजे त्यांची बायको, मात्र उभ्यानं आणि हातावर घेत. यावरून दोघांचं चर्चला जाताना एकदा आणि येताना एकदा वाजे, आणि दोन्ही वेळा जिन्यात उभा राहून मी फुकट ऐके.

"ह्या हातांनी तीन पोरं वाढवली, तुझ्या आयचं हागनंमुतनं काढलं," वहिनी म्हणायच्या. "त्या हातांची देवाला किळस येत असंल, तर येऊ दे!"

"तुझे हात चांगलेच हायत गं," भाऊ म्हणायचे. "मी माझ्या हातांचं बोलतोय."

तर त्या दिवशी चर्चमधून मी थेट त्यांच्याकडे जेवायला गेलो. पाहुणे हॉलमध्ये होते. मी स्वयंपाकघरात डोकावून वहिनींना मोठ्या फुशारकीनं सांगितलं, "सुनंदाचा प्रसाद काढून ठेवलाय बरं का!" आणि खिशावर थाप मारली.

वहिनींच्या हातातला झारा तसाच राहिला. तिथंच पाणी भरत असलेल्या भाऊंनी तांब्या खाली ठेवला, दार लोटलं आणि इतक्या हळू विचारलं की मला घाम फुटला, "खिशात? आत्ता?"

माझ्यापुढे आजवर कोणी गुडघे टेकलेले नाहीत. त्या दुपारी ते टेकले गेले, पण खिशापुढे. 'टक्' आवाज झाला. भाऊंनी हात पुढे केला, पण तो खिशाच्या तोंडाशीच थबकला. मग बायकोकडे वर बघत म्हणाले, "तू काढ. तुला सवय हाय."

वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले आणि खिशातून चकतीचे दोन तुकडे काढले, पेन आणि बसचं तिकीट वगळून. एक स्वतःच्या तोंडात घातला. दुसरा नवऱ्याच्या जिभेवर ठेवला. जन्मभर ज्या हातांवरून वाद घातला, त्याच हातांनी. मी श्वासही बेतानंच घेत होतो.

मग माझा शर्ट उतरवला गेला. खिशात चुरा राहिला असेल, म्हणून भाऊंनी तो वेदीच्या कापडासारखा धुतला आणि पाणी कुंडीत ओतलं. हॉलमधलं जेवण मी त्यांच्या चौकड्यांच्या शर्टात उरकलं. त्याची बटणं लागत नव्हती. मी माफी मागायला गेलो तर म्हणाले, "तुमी वाटून खायला नेत होता ना? मग झालं. हे तिघांतच ऱ्हाऊ दे."

काही महिन्यांनी फादरनी मिस्सानंतर सगळ्यांना थांबवून घेतलं. फादर तरुण आणि मऊ स्वभावाचे. म्हणाले, जागा अरुंद आहे, बाकड्याला अडखळून दोन माणसं पडता पडता वाचली. तेव्हा ते काढावं आणि सगळ्यांनी उभ्यानं, हातावरच घ्यावं, अशी त्यांची विनंती आहे. भाऊंना स्कूटरवरून आणायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मी शेवटच्या बाकावर होतो. वहिनी भर सभेत फादरच्या बाजूनं बोलल्या. भाऊंचा चेहरा उतरला. त्यांचे गुडघे आता फरशीवर टेकत नव्हते; बाकडं गेलं असतं तर त्यांना टेकता आलं नसतं, आणि टेकल्याशिवाय ते घेणार नव्हते. म्हणजे कम्युनिअनच सुटलं असतं.

फादरनी विचारलं, "भाऊ, हातावर घेतल्यानं अनादर झालेला तुम्ही कधी पाहिलाय का?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं. भाऊंनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी बाकडं वाचलं असतं.

"काय पाह्यलं ते सांगायला मी आलो नाय, फादर," ते म्हणाले. "वाकता येतंय तोवर मला वाकू द्या, एवढंच."

हे मला सोसलं नाही. मी उठून उभा राहिलो आणि खिशासकट, सुनंदाच्या मुरगळलेल्या पायासकट सगळं सांगून टाकलं. 'थँक्यू, फादर'वर लोक हसले. फादरनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. शेवटी ठरलं ते असं: बाकडं भिंतीकडेला सरकवून ठेवायचं, ज्यांना टेकायचंय त्यांनी रांगेच्या शेवटी यावं आणि हातावर घेणाऱ्यानं तिथंच, समोरच खावं. शिवाय पाहुण्यांनी रांगेत न येता जागेवरच बसावं, अशी सूचना दर रविवारी वाचली जाते. उलव्याच्या सार्वजनिक जीवनात माझी भर एवढीच.

परतताना स्कूटरवर शाबासकीच्या आशेनं मीच विषय काढला. "भाऊ, बाकडं वाचलं!"

"मला हरायचं होतं तर हरू द्यायचं. तुमची फजिती करून जिंकायचं असतं तर मी तोंड उघडलं नसतं?"

पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कढीपत्ता घेऊन आले.

देवाधर्माच्या बाबतीत मी तसा उडाणटप्पूच. पण आपली बाजू खरी असताना आणि पुरावा हाताशी असतानाही शेजाऱ्याला उघडं न पाडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. घरी एखादा वाद जिंकायला आलो की तो चौकड्यांचा शर्ट आठवतो आणि मी थोडा आवरतो. सुनंदाच्या मते, फारच थोडा.

गेल्या वर्षी भाऊ गेले. आठवड्याभराच्या तापाचं निमित्त झालं. अंत्यविधीच्या मिस्साला मी सूचनेप्रमाणे जागेवरच बसून होतो. रांग संपत आली तशा फिलोमावहिनी सगळ्यांच्या मागे, भिंतीकडेला गेल्या, बाकड्यावर गुडघे टेकले आणि तोंड उघडून जिभेवर घेतलं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

बाहेर आल्यावर मी त्यांचे हात धरले आणि म्हणालो, "वहिनी, आज भाऊ असते तर! शेवटी तुम्हालाही त्यांचं पटलं."

वहिनींनी हात सोडवून घेतले.

"पटलं-बिटलं काय नाय. त्याची जागा रिकामी दिसत व्हती, म्हनून टेकले. येत्या रविवारी हातावरच घेनार. एवढी वर्षं आमच्याकडं नुसता चाच पीत होता काय तुमी?"