टायर आधी फुटला होता

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. ट्रकमालक नवे टायर घेत नसत. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून आणत. त्याला रिमोल्ड म्हणतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी नेरला घरी शिवणकाम करायची. नवरा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता.

एका दुपारी मारेगावकडून कापूस भरून येताना त्यांचा ट्रक सरळ रस्त्यावर उलटला. मी यवतमाळच्या दवाखान्यात पोचले तेव्हा मांडीचं हाड मोडून ते खाटेवर पडले होते. ड्रायव्हरला झोप लागली, असं मालकानं तोवर पोलिसांना सांगूनही टाकलं होतं.

"मले झोप नव्हती लागली," ते म्हणाले. "स्टेरिंग कोणी हिसकल्यावानी डावीकडं गेलं. तुले खरं वाटते ना?"

मी हो म्हटलं. पण मनात शंका होती. आदल्या आठवड्यात ते धड झोपलेच नव्हते, हे मलाच माहीत होतं. ती शंका घेऊन त्यांच्याजवळ बसणं मला जमेना. मी रात्री नेरला परतले. आमच्या गल्लीत ट्रकची कामं करणारे एक म्हातारे मिस्त्री होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्यांना घेऊन मी अपघाताच्या जागी निघाले.

ट्रक अजून शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, आडवा पडलेला होता. कापूस बाभळीच्या काट्यांत अडकला होता. चाचांनी ट्रकाकडं नुसतं पाहिलं आणि ते रस्त्यानं मागं चालत सुटले. दीडशे-दोनशे पावलांवर हातभर लांब रबराचा पट्टा पडलेला होता. मी तो उचलायला वाकले.

"हात नको लावू, बेटी. जिथं हाय तिथंच पोलिसाले दाखव." मग त्यांनी डांबरावरच्या काळ्या रेघा दाखवल्या. "टायरवर चढवलेलं रबर इथं सुटलं. ब्रेकाच्या खुणा त्याच्या पुढं हायेत. म्हणजे पयले टायर गेला, मंग त्यानं ब्रेक मारला. झोपलेला माणूस ब्रेक कायले मारीन?"

माझी शंका तिथं त्या रस्त्यावर गेली. त्या पट्ट्याभोवती मी दगड मांडले, चाचांना राखणीला बसवलं आणि पोलीस चौकी गाठली.

"पंचनामा झाला, बाई," हवालदार म्हणाले.

"त्यात टायर हाय का, साहेब?"

"ते कोर्टात सांगजा."

"कोर्टाची तारीख येईपर्यंत रस्त्यावरचं रबर राहीन का?"

मी बाकावर बसले. त्यांनी दोनदा घरी जा म्हटलं, दोनदा मी नाही म्हटलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाहेर काढायला त्यांना कारण मिळालं असतं. चार वाजता ते उठले आणि मोटारसायकल काढली.

मी परत पोचले तेव्हा ते पावलांनी अंतर मोजत होते. शेजारच्या शेतात कापूस वेचणारी एक बाई धुऱ्यावर आली. तिनं स्वतःहून सांगितलं, "काल फटकन आवाज आला म्हणून म्या मान वर केली. गाडी त्याच्यामागून वाकडी झाली." हवालदारांनी तेही लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला.

नवऱ्यावरचा खटला काही वर्षं चालला. शेवटी ते सुटले. एक पाय आखूड राहिला, तरी त्यांनी पुन्हा स्टेरिंग धरलं. पुढच्या चाकाला रिमोल्ड दिसला की गाडीत बसायचे नाहीत. दोन मालकांनी त्यापायी कामावरून काढलं. तिसऱ्यानं टायर बदलला.

ही गोष्ट पसरली तशा ड्रायव्हरांच्या बायका माझ्याकडं येऊ लागल्या. मी चाचांसोबत जायची. कुठं ब्रेक गेलेला, कुठं कापूस इतका उंच भरलेला की वळणावर गाडी कलंडलीच. एकदा बोरी अरबची एक बाई आली. तिचा नवरा ट्रकसकट थेट झाडावर गेला होता आणि वाचला होता. आम्ही रस्ता पाहिला. टायर शाबूत, ब्रेकाची एकही खूण नाही.

"सांगा ना, ताई," ती म्हणाली.

खोटं सांगणं सोपं होतं. "त्याले झोपच लागली होती," मी म्हटलं.

ती खाली बसली. मग म्हणाली, "त्याच्या आधीचे तीन दिवस मालकानं गाडीतून खालीच उतरू नाही देल्लं त्याले."

"मंग हेच लिहून घ्यायले लावू," मी म्हटलं. "झोप लागली, आन् काहून लागली, तेही."

आम्ही दोघी चौकीकडं निघालो.