अर्धा कोयता

केजच्या स्टँडवर चहाला चौघं जमलो की कुणीतरी 'दोघांची चूल'चा विषय काढतोच. बायको वारलेला ऊसतोड्या बाप आणि त्याची शाळकरी मुलगी, अशी ती विनोदी सिरियल. चालली जेमतेम एक उन्हाळा, किस्से मात्र अजून पुरतात. संवाद मी लिहायचो, त्यामुळे मला कुणी गप्प बसू देत नाही.

*

दुष्काळात ऊसच नव्हता, म्हणून सहकारी कारखाना बंद. त्याचं रिकामं गेस्ट हाऊस आम्हाला शूटिंगला मिळालं. अट एकच, चेअरमनसाहेबांचा फोटो भिंतीवरून हलवायचा नाही. बाप भाकरी थापतोय आणि मागून साहेब हसताहेत! शेवटी मी त्यांना मुलीचे आजोबा करून टाकलं. साहेब खूश झाले. म्हणाले, "फक्त हार घालू नका म्हंजे झालं."

*

एकदा बाप मुलीचे केस धुतो असा सीन होता. डायरेक्टर पुण्याचा. त्याने दुसरी बादली मागवली, तशी बघायला आलेली एक बाई पुढं आली.

"पानी परत कावून वतता?"

"रिटेक आहे, मावशी. चुकलं की परत करायचं."

"मंग खाली परात ठिवा. तुमचं चुकलेलं आमच्या म्हशीला चालतंय."

*

मुलीचं काम धारूरकडची छाया करायची. तिचा खरा बाप भागवत, तोही बायको गेलेला. सेटवर टँकरचं पाणी भरायचा. छायाला 'रिटेक' हा शब्द लई आवडला. बाप खेकसला की ती म्हणायची, "रिटेक, बाबा. नीट म्हना." आणि तो बिचारा तेच परत हळू आवाजात म्हणायचा. आम्ही हसायचो. मला मात्र हेवा वाटायचा. माझ्या घरी अशी सोय नव्हती.

*

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा. त्यावरच सिरियलचा हुकमी विनोद बेतला होता. मुकादम विचारतो, "कोयता किती?" बाप म्हणतो, "अर्धा." मुलगी कमरेवर हात ठेवून पुढं येते, "पुरा!" लोक खदाखदा हसायचे. भागवत कधी हसला नाही. "ग्वाड बोलती," एवढंच म्हणायचा.

*

जाहिराती मिळेनात, सिरियल बंद पडली. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या लांबच्या कारखान्यांकडं निघाल्या, तसं भागवतलाही जाणं भाग होतं. छायाने पाटोद्याला आत्याकडे राहून शाळा शिकावी, असं त्याच्या मनात होतं. ती बापाला सोडायला तयार नव्हती. मी भेटायला गेलो तेव्हा मुकादमाची जीप दारातच उभी होती.

"भागवत, कोयता किती धरू?"

भागवतने तोंड उघडायच्या आत छाया कमरेवर हात ठेवून पुढं आली. "पुरा."

मुकादमाला हसू आलं. सिरियल त्यानेही बघितली होती. "चालंल की. पोरगी मोळ्या बांधंल."

भागवत तिच्यासमोर उकिडवा बसला.

"रिटेक, माय," तो म्हणाला. "नीट म्हन."

छायाने बापाकडं बघितलं, मग मुकादमाकडं. कमरेवरचे हात खाली आले.

"अर्धा."