चहा उकळेल एवढी ज्योत

श्रीखंडाचा डबा बोट फिरवून लख्ख करताना, ते घोटणाऱ्या कारखान्याची भांडी धुतलेलं पाणी कुठे जातं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का?

मी विचारलं नव्हतं. मला उत्तरच माहीत होतं: ओढ्यात! त्या उत्तराची पत्रकं छापून, गठ्ठा छातीशी धरून मी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सकाळी हडपसरहून लोणी काळभोरची बस पकडली. मी पत्रकं वाचतच मोठी झाले. आधी निषेध, मग चौकशी, हा क्रम मला अगदी नैसर्गिक वाटतो.

कंडक्टरने गठ्ठ्याकडे पाहिलं. "लगेज?"

"पत्रकं आहेत. अन्यायाविरुद्ध."

"मग मांडीवर घ्या. अन्यायाने सीट अडवायची नाही."

सोलापूर रस्त्याला ट्रकांच्या रांगेत बस तासभर रांगली. लोणीच्या अलीकडे उसाचे फड सुरू झाले आणि पाठोपाठ कॉलेजांच्या पाट्या. उतरले आणि पुरावा गोळा करायला थेट ओढ्याकडे गेले. पुराव्याने माझी डावी चप्पल गिळली, ती परत दिलीच नाही. ओढा वास मारत होता, पण पाण्यात गावाच्या गटारापासून कोंबड्यांच्या पिसांपर्यंत सगळ्यांचाच हातभार दिसत होता. ही गोष्ट माझ्या पत्रकात नव्हती.

एका चपलेनिशी कारखान्याच्या फाटकाशी पोचले. वॉचमन म्हणाला, "कुनाकडं जायचंय?"

"सांडपाणी बघायला आलेय."

"लोकं हितं श्रीखंड बघाय येत्यात," तो म्हणाला आणि आत फोन लावला. मी आठवड्यापूर्वी कळवलं होतं. "या, लपवण्यासारखं काई नाई" असं उत्तर आलं होतं, आणि त्याने माझा राग दुप्पट झाला होता.

ते उत्तर देणाऱ्या, सांडपाण्याचं काम बघणाऱ्या वर्षाताई कारखान्याच्या मागच्या अंगाला भेटल्या. चाळिशीच्या, मूळच्या यवतमाळच्या, डोक्याला ओढणी आणि ओढणीवर पिवळं हेल्मेट. त्यांच्या मागे दोन मजले उंच, हिरवी, झाकणबंद टाकी उभी होती. तिच्याजवळ सडक्या अंड्यांचा वास होता.

"चप्पल कुठं गेली तुमची?"

"ओढ्यात."

"मायबाई! म्हणजे पहिलं सांडपाणी तुमीच सोडलं म्हणायचं." त्यांनी कोपऱ्यातले रबरी बूट पुढे सरकवले. मोठे होते. घातले.

मग त्यांनी टाकीची ओळख करून दिली. चक्का टांगल्यावर गळणारं आंबट पाणी, भांड्यांची धुवण, सांडलेलं दूध, सगळं हिच्यात जातं. आत हवा अजिबात नाही. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंच्या दोन टोळ्या राहतात. पहिली टोळी धुवणीतली साखर आणि स्निग्धांश फोडून त्यांची आम्लं करते. दुसरी ती आम्लं खाऊन मिथेन सोडते. तोच मिथेन बॉयलरमध्ये जळतो आणि दूध तापवतो. मागे उरतं ते पाणी पुष्कळसं हलकं झालेलं असतं, त्याची पुढची सफाई सोपी जाते.

"पहिल्या टोळीचं काम पटापट," ताई म्हणाल्या. "दुसरी हळू, अन् लई नाजूक. ती रुसली की पहिली थांबते थोडीच? आंबट करतच सुटते. मग सगळी टाकीच आंबते."

मी मान डोलावली. आमच्या संघटनेत मी स्वतः पहिल्या टोळीत आहे.

"मग आता दुसरी टोळी कशी आहे?"

ताईंनी हेल्मेट काढलं. "आजारी. माझ्यामुळं."

खंडेनवमीला सगळ्या विभागांनी आपापली यंत्रं पूजेसाठी घासूनपुसून काढली. रोज वापरतात त्याच्या कितीतरी पट जंतुनाशक ओतलं. एरवी असलं पाणी वेगळ्या हौदात जातं. त्या दिवशी एकदम इतकं आलं की हौद भरून टाकीच्या वाटेला लागला. टाकीकडचा कॉक बंद करणं ताईंचं काम, आणि ताई आरतीच्या रांगेत होत्या.

"सगळ्या मशिनींले हळदीकुंकू लावलं," त्या म्हणाल्या, "अन् त्यातली जी एक जिती होती, तिले इख पाजलं."

तेव्हापासून टाकीच्या गॅसची ज्योत टिकत नव्हती. ताईंनी धुवण बंद केली, चुना दिला, सोडा दिला, शेजारच्या गोबरगॅसवाल्याकडून विरजण म्हणून शेणकाला आणून ओतला आणि मग आजाऱ्याला पेज पाजावी तशी थोडीथोडी धुवण सुरू केली. मालकांनी मुदत घातली होती. टाकीच्या गॅसवर एक छोटी शेगडी आहे, तिच्यावर मालकांचा चारचा चहा होतो. शनिवारचा चहा तिथे झाला तर टाकी राहील. नाहीतर सोमवारपासून टाकी बंद आणि धुवण टँकरने बाहेर.

"टँकर कुठे रिकामा होईल?"

"ते तुमीच विचारा मालकांले," ताई म्हणाल्या. "मी विचारलं होतं. त्यायले ऐकू आलं नाई."

तो शनिवार म्हणजे आजच.

आम्ही शेडमध्ये बसून ज्वारीची भाकरी आणि झुणका खाल्ला. दर अर्ध्या तासाने ताई टाकीचं पाणी काढून कागदाची पट्टी बुडवत होत्या. पट्टी पिवळी झाली तर आंबट, हिरवी झाली तर बरं. ती दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडून बसली होती.

चारला मालक आले. पेठेतले, कडक इस्त्रीचा सदरा. माझ्या बुटांकडे, मग गठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "आपण वाटायला आलात की वाचायला?"

"बघायला," मी म्हणाले. सकाळी हे उत्तर मी दिलं नसतं.

ताईंनी लायटर ओढला. ज्योत भप्पकन आली आणि विझली. पुन्हा ओढला, पुन्हा विझली. "अहो, माचिस देऊ का?" मालक म्हणाले. ताईंनी नळी सोडवून तिच्यात साचलेलं पाणी झटकलं. ती परत जोडून कॉक थोडा कमी केला, मनात काहीतरी मोजलं आणि तिसऱ्यांदा लायटर ओढला. नखाएवढी निळी ज्योत थरथरली. राहिली.

पातेलं चढलं. मी आयुष्यात मोर्चे पाहिलेत, लाठ्या चुकवल्यात, पण एवढा वेळ श्वास रोखून पाण्याकडे कधी बघितलं नव्हतं. अर्ध्या तासाने कडेला पहिला बुडबुडा आला. मग दुसरा. मग दूध वर चढलं आणि ताईंच्या डोळ्यांतून पाणी उतरलं.

मालकांनी एक घोट घेतला. "पांचट आहे," ते म्हणाले. "टाकी राहू द्या."

"आणि टँकर कुठे रिकामा होणार होता?" मी विचारलं.

त्यांनी दुसरा कप माझ्यापुढे सरकवला. "चहा घ्या आपण. निवतोय."

ते उत्तर नव्हतं, आणि मी ते सोडलेलं नाही. सोमवारी लेखी विचारणार आहे.

परतीच्या बसमध्ये गठ्ठा पुन्हा मांडीवर होता, जसाच्या तसा. शत्रू घरूनच ठरवून निघालं की प्रवास फार सोपा होतो; फक्त तो प्रवास उरत नाही. मी ओढ्याला वाचवायला गेले होते. त्याला त्या दिवशी वाचवलं ते शेणकाल्याने, चुन्याने आणि आपली चूक तोंडावर सांगणाऱ्या एका बाईने.

म्हणून या वेळी घोषणा नाही, विनंती. तुमच्या कारखान्यात, हॉटेलात, वसतिगृहाच्या खाणावळीत अशी टाकी असेल, तर या पानाचा फोटो काढा आणि धुण्याच्या जागेवर चिकटवा. येत्या खंडेनवमीला जंतुनाशकाचं पाणी वेगळं काढा. आणि पूजा सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा: टाकीचा कॉक बंद केला का? आरती थांबली तरी चालेल.