सौरघटाच्या कडेचा उजेड

१४ मे २०२४, सकाळी अकरा. जळगावच्या एका प्रयोगशाळेत पेपरचा शेवटचा आलेख तपासायला घेतला आणि तिथेच थांबलो.

निवृत्तीनंतर धुळ्याच्या देवपूरहून मी तिथे अधूनमधून जात असे, मानधनाविना. विभागप्रमुख माझा जुना विद्यार्थी. त्याच्या हाताखाली एक मुलगी सेंद्रिय सौरघटांवर पीएच.डी. करत होती. काचेवर कार्बनी रेणूंचा पातळ थर, त्यावर चांदीचा ठिपका, एवढाच तो घट. अशा थरात प्रकाशाने उठवलेले धन आणि ऋण भार एकमेकांना धरून राहतात. त्यांना सोडवताना व्होल्टेज वाया जाते. सुटलेले पुन्हा भेटले की आणखी जाते. ही गळती कमी केल्याने कार्यक्षमता वाढली, असा दावा पेपरात आम्हा तिघांच्या नावे होता. तसे असते तर व्होल्टेज वाढायला हवे होते; आलेखात ते पूर्वीइतकेच होते. वाढला होता फक्त प्रवाह.

"मोजताना वर काळी पट्टी ठेवली होती?"

"नाही, सर. इथे कोणीच ठेवत नाही," मुलगी म्हणाली.

भोक पाडलेली ती पट्टी नसली, तर ठिपक्याच्या कडेबाहेरचा उजेडही प्रवाह देतो. त्या प्रवाहाला भागायचे मात्र ठिपक्याच्याच क्षेत्रफळाने, म्हणून आकडा फुगतो. तिने पट्टी ठेवून पुन्हा मोजले. वाढ उरली नाही.

विभागप्रमुख आला. मुलीने त्याला नवा आकडा दाखवला. त्याचे घर रावेरकडचे, केळीवाल्यांचे.

"सर, आमच्याकडे केळी दांड्यासकट तोलतात. दांडा कोण खातं?"

"दांड्याची तूट व्यापारी कापतो."

"तो व्यापारी. तुम्ही तर आमचे गुरुजी."

मुलीला हसू आले. ते टिकले नाही.

"शुक्रवारी हिची मुलाखत आहे, प्राध्यापकाच्या जागेची," तो म्हणाला. "आज पेपर गेला नाही तर ही घरी बसेल. एका पट्टीपायी?"

पट्टी का ठेवायची, हे त्याला मीच शिकवले होते. तो विसरला नव्हता. बोलताना तिच्याकडे पाहत नव्हता.

मी मुलीला विचारले, "तुझे काय म्हणणे?"

"पुढच्या पेपरात दुरुस्त करीन, सर. आज जाऊ द्या."

पुढचा पेपर याच आकड्यावर उभा राहतो, हे तिलाही ठाऊक होते. जागा तिला मिळेल. तिचे विद्यार्थीही पट्टीविना मोजतील आणि इथे कोणीच ठेवत नाही, असे सांगतील.

मी वाद घातला नाही. तिच्या संगणकासमोर बसून लेखकांच्या यादीतून माझे नाव काढले, फाइल जतन केली आणि खुर्ची तिला मोकळी करून दिली.