मामांचा कानाचा प्लग

आमच्या मामांइतका भित्रा माणूस कृष्णाकाठी दुसरा जन्माला आला नसेल. मामा म्हणजे माझे सासरे. कराडजवळच्या गावात घर, चारी बाजूंनी ऊस. तारुण्य सगळं लष्करात, सीमेवर गेलेलं, पण स्वतःच्या न्हाणीघरात शिरतानासुद्धा ते आधी बाहेरून खाकरतात. एकदा सांगलीकराला शोभेल अशा आगाऊपणानं मी त्यांना छेडलं, तर म्हणाले, "आवं पावणं, तितं समोर कोण हाय ते तरी म्हाईत असायचं. हितं उसात काय कळतंय?" त्यांचं चूक नव्हतं. हल्ली आमच्याकडे बिबटे उसातच पिल्लं घालतात आणि वरच्या वस्तीवरचं एक कुत्रं खरोखरच गेलं होतं. मामा त्या जनावराचं नाव घेत नाहीत. 'ते' म्हणतात, आणि म्हणताना पाय खाटेवर घेतात.

त्यांची जुनी मोटारसायकल मात्र कुणाला भीत नसे. नेमक्या उसाच्या मधोमध तिचा प्लग काळा पडे आणि ती बंद होई. मग मामा प्लगपाना काढत, हात थरथरत, पाना गवतात पडे, आणि तो हुडकायला वाकायचं म्हणजे पाठ उसाकडे. त्या पाठीच्या काळजीतून त्यांचा शोध जन्मला. कराडच्या वेल्डरकडून त्यांनी पान्याचं नुसतं तोंड कापून घेतलं, त्याला दोन लोखंडी कान जोडले आणि ते प्लगवर कायमचं ठोकून बसवलं. कान धरायचे, पिळायचे, प्लग हातात.

"म्हणजे हा पानाच झाला की," मी म्हणालो.

"पाना हातातनं पडतोय. ह्यो कुटं पडतोय?"

नुसत्या हातानं आवळलेला तो पहिला प्लग किक मारताच अंगणातच बंदुकीच्या गोळीसारखा उडाला आणि शेजारच्या पत्र्यावर आदळला. मामा सगळ्यांच्या आधी घरात. कडी लावल्यावर मामी बाहेरच राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. कान लांब केले, आणखी एक तसलाच प्लग करून खिशात ठेवला आणि हत्यारांची पिशवी, फडक्यासकट, माळ्यावर टाकली.

मग एकदा दिवस मावळताना ते मला स्टँडवर सोडायला निघाले आणि गाडी उसात बंद पडली. "आता बघा," म्हणत त्यांनी ऐटीत कान धरले आणि झटकन हात मागे घेतला. चालून आलेलं इंजिन तापलेलं असतं, एवढाच विचार करायचा राहून गेला होता.

"निवायला किती वेळ लागेल?"

"अर्धा तास तरी."

मी हसणार तोच उसात वाळलेलं पाचट वाजलं. वारा नव्हता. थांबलं, पुन्हा वाजलं, आता जवळ. मला घरची पाळण्यातली लेक आठवली.

"मामा, पळूया का?"

"पळायचं न्हाई. पळालं की ते मागं लागतंय. तुमी माझ्या ह्या अंगाला या."

त्यांनी मला रस्त्याच्या बाजूला ओढलं आणि स्वतः उसाकडे पाठ करून बसले. टोपी गुंडाळून कान धरून पाहिले, ती निसटत होती. ती त्यांनी टाकली आणि उघड्या हातानं ते तापलेले कान पिळले. कातडी जळल्याचा वास आला. कपाळावरून घाम गळत होता, पण हात थरथरला नाही. खिशातला प्लग बसला, गाडी पहिल्याच किकला सुरू झाली.

उसात काय होतं ते कळलं नाही. मामा पुढे आठवडाभर दिवेलागणीआधीच कडी लावून बसले.

आता मोटारसायकल विकली. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मीच त्यांना गाडीतून कराडला नेतो. यंत्रावर त्यांचा अंगठा उमटत नाही. तिथल्या मुलीनं विचारलं, "आजोबा, काय झालंय अंगठ्याला?" मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पातेलं लागलं, बाई."

परतताना ऊस लागला की ते हळूच म्हणतात, "पावणं, काच वर घ्या." काच वरच असते. मी ती जराशी खाली करतो आणि त्यांच्या देखत पुन्हा वर घेतो.